दंडाविना संयम : वेगदर्शक फलकाचा नीतिविचार

येणाऱ्या वाहनावर आदळून परतणाऱ्या रडार-लहरींच्या बदललेल्या वारंवारतेवरून त्याचा वेग मोजणारा आणि तो आकडा ठळक दिव्यांनी चालकालाच दाखवणारा रस्त्याकडेचा फलक नीतिशास्त्रापुढे एक मूलभूत प्रश्न उभा करतो : दुसऱ्याने दाखवून दिल्यावरच जो संयम जागा होतो, त्याला सदाचरण म्हणावे काय?

कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्ह शहराने २००३ मध्ये शाळांच्या परिसरात असे फलक लावले, तेव्हा वाहनांचा वेग सरासरी १४ टक्क्यांनी उतरला. त्या फलकांना दंडाची जोड नव्हती आणि त्यांनी सांगितलेला आकडा चालकासमोरच्या वेगमापकावरही होता. म्हणजे भय किंवा नवी माहिती यांपैकी कशानेही हा बदल पुरता उलगडत नाही. उणीव ज्ञानाची नव्हती, अवधानाची होती. या उणिवेला भारतीय परंपरा प्रमाद म्हणते. प्रमाद म्हणजे जे ठाऊक आहे त्याचेच भान सुटणे. महाभारताच्या उद्योगपर्वात सनत्सुजात धृतराष्ट्राला प्रमाद हाच मृत्यू असल्याचे सांगतो, आणि बौद्ध विचारातही अप्रमादाला, म्हणजे अखंड जागरूकतेला, साधनेत अग्रस्थान आहे. वेग दुप्पट झाला की वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते, त्यामुळे रस्त्यावर सनत्सुजाताचे हे वचन शब्दशः खरे ठरते.

यावर इमॅन्युएल कांटच्या बाजूने गंभीर आक्षेप घेता येतो. १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात त्याने कर्तव्याशी जुळणारी कृती आणि कर्तव्यबुद्धीने केलेली कृती यांत भेद केला असून, नैतिक मूल्य तो केवळ दुसरीलाच देतो. चारचौघांत आपला आकडा झळकला म्हणून संकोचाने वेग कमी करणारा आणि फलक मागे पडताच तो पुन्हा वाढवणारा चालक या कसोटीवर उतरत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र सद्गुण जन्मजात नसून तशाच कृती पुन्हा पुन्हा केल्याने अंगी बाणतो, हे ॲरिस्टॉटलचे मत लक्षात घेतले, तर बाहेरून मिळालेली जाणीव ही सद्गुणाची सिद्धी नसली तरी त्याचा प्रारंभ ठरू शकते. शिवाय दंड माणसाला वाकवतो, तर हा फलक त्याचेच कर्म त्याच्यापुढे ठेवून निर्णय त्याच्यावर सोपवतो, आणि त्यामुळे त्याचे स्वातंत्र्य अबाधित राहते.

रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचा जीव चालकाच्या अंतःशुद्धीची वाट पाहू शकत नाही, म्हणून असे फलक लावणे हे समाजाचे कर्तव्यच आहे. परंतु जिथे फलक नाही, तिथेही आपल्या वेगाचे साक्षी होणे हे प्रत्येक चालकाचे कर्तव्य आहे आणि ते कोणत्याही यंत्राकडे सोपवता येत नाही.