ज्युरीत नेमकं कुणाला तपासतात?

आर्किटेक्चर शिकणारं कुणी ओळखीचं असेल, तर ‘ज्युरी’ हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. रात्र जागून काढलेल्या शीट्स भिंतीवर लावायच्या, मॉडेल पुढ्यात ठेवायचं आणि सगळ्या वर्गासमोर परीक्षकांचं ऐकून घ्यायचं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो. तिथंही आवडीनिवडीवरून वाद होतात, पण निदान टेस्ट चालवून बघता येते. ‘या जिन्यात मजा नाही’ हे कोणत्या टेस्टने ठरवणार? मोजपट्टी परीक्षकाच्या नजरेत असते. म्हणून बोलणारा ‘जिना फसलाय’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ‘तू फसलास’ ऐकू येतं.

ज्युरीची ही पद्धत रुजवली पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेने. 19व्या शतकात तिथं ज्युरी बंद दाराआड बसे; विद्यार्थी आत नसे. आज दार उघडलंय. पण आत येऊन मुकाट्याने उभंच राहायचं असेल, तर निकालाला फक्त प्रेक्षक मिळाले.

कठोर बोलू नये, असं माझं म्हणणं नाही. खोटं कौतुक हीसुद्धा फसवणूकच. पण ज्याची मोजपट्टी इतरांना दिसत नाही, त्याच्यावर कारण सांगण्याची जबाबदारी जास्त. आणि विद्यार्थ्याला ‘का?’ विचारायची मुभा हवी. ‘जिन्यात अंधार आहे, आजीला पायरी दिसणार नाही’ हे ऐकून वाईट वाटेल, पण पेन्सिल परत हातात घेता येईल. ‘मजा नाही’ ऐकून दुरुस्त काय करायचं? स्वतःला?