राजकन्येपासून मॅनिक्युअरवालीपर्यंत

१९३१ साली बर्लिनच्या उफा कंपनीने ‘इरे होहाइट बेफील्ट’ नावाचा चित्रपट काढला. एक राजकन्या आणि एक लेफ्टनंट नोकरमंडळींच्या नाचाच्या कार्यक्रमात भेटतात आणि दोघंही आपली ओळख लपवतात. ती सांगते, मी मॅनिक्युअर करते. तो सांगतो, मी दुकानात कामाला आहे. पुढच्याच वर्षी उफाचा ‘इश बाय टाग उंड डू बाय नाख्ट’ आला, म्हणजे ‘मी दिवसा आणि तू रात्री’. नायिका तीच, केटे फॉन नॉज. नायकही तोच, विली फ्रिच. पटकथाकारांमध्ये रॉबर्ट लीबमान हे नाव दोन्हीकडे आहे. आता मात्र ती खरोखरच मॅनिक्युअर करून पोट भरते, तो नाइट क्लबमध्ये वेटर आहे आणि प्रत्येकाला वाटतं की समोरचा श्रीमंत आहे.

चुकलेल्या ओळखीतून जमलेलं प्रेम हा जर्मन विनोदी चित्रपटाचा हुकमी विषय. या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात तो विषय मुळापासून बदलला असं मला वाटतं. तो बदल किती मोठा होता हे कळायला थोडं मागे जायला हवं.

१९१९च्या जूनमध्ये एर्न्स्ट लुबिचचा ‘डी आउस्टर्नप्रिंत्सेसिन’ पडद्यावर आला. कैसरने गादी सोडून जेमतेम सात-आठ महिने झाले होते. अमेरिकेतल्या ऑयस्टरसम्राटाची लाडावलेली मुलगी ओसी हट्ट धरते की मला राजपुत्रच नवरा हवा, कारण बूटपॉलिशसम्राटाच्या मुलीने काउंट पटकावलाय. राजपुत्र नुकी सापडतो, पण तो पार कफल्लक. मुलगी कशी आहे ते बघायला तो आपल्या नोकराला, योसेफला पाठवतो. ओसीला इतकी घाई की ती योसेफलाच राजपुत्र समजून लग्न उरकते. पुढे एका दारुड्याला ताळ्यावर आणताना ती त्याच्या प्रेमात पडते, आणि तो निघतो खरा नुकी. मग उलगडा होतो की दोघांचं लग्न आधीच झालेलं आहे, कारण योसेफने सही नुकीच्या नावाने केली होती.

हा शेवट मला फार महत्त्वाचा वाटतो. माणूस बोहल्यावर नव्हता, फक्त त्याचं नाव होतं, आणि कायद्याला तेवढं पुरलं. दोन महिन्यांनी वायमार राज्यघटनेने सरदारकीचे विशेष हक्क रद्द केले आणि पदव्या केवळ नावाचा भाग म्हणून उरल्या. लुबिचने ती गोष्ट आधीच पडद्यावर मांडली होती. तरीही त्याच्या चित्रपटात मुखवट्याखाली शेवटी राजपुत्रच सापडतो.

बोलपट आल्यावर ही चाल आणखी पक्की झाली. ‘डी प्रिव्हाटझेक्रेटेरिन’मध्ये (१९३१) रेनाटे म्युलरची टायपिस्ट ज्याला साधा कारकून समजते, तो बँकेचा डायरेक्टर असतो. त्याच वर्षीच्या ‘डेर कोंग्रेस तान्झ्ट’मध्ये हातमोजे विकणाऱ्या क्रिस्टलला भेटणारा तरुण थेट रशियाचा झार असतो, आणि फ्रिच झारबरोबर त्याच्या तोतयाचीही भूमिका करतो. बग्गीत बसून क्रिस्टल शहराबाहेर जाते तेव्हा कॅमेरा तिच्याबरोबर बाजारातून, माणसांच्या गर्दीतून, मोकळ्या रस्त्यावरून पळत राहतो. तो आनंद आजही अंगावर येतो. पण नेपोलियन एल्बाहून निसटल्याची बातमी येते, झार निघून जातो आणि क्रिस्टल मागे राहते. इतक्या झगमगाटी चित्रपटाने हा शेवट केला, याचं मला विशेष वाटतं.

या चालीवर सर्वांत धारदार टीका झिगफ्रीड क्राकाउअरने बोलपटांच्या आधीच केली होती. ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’मध्ये १९२७ साली त्याने दुकानात काम करणाऱ्या मुली सिनेमात काय पाहतात यावर लेखमाला लिहिली. चित्रपट जितका खुळचट, तितकी त्यात समाजाची झाकलेली स्वप्नं उघडी पडतात, असं त्याचं म्हणणं. साहेबाशी लग्न होण्याचं स्वप्न पाहणारी टायपिस्ट पगारवाढ मागत नाही, ही त्यातली बोच. ती मला पटते.

म्हणूनच १९३२चा ‘इश बाय टाग उंड डू बाय नाख्ट’ मोलाचा. जर्मनीत तेव्हा नोंदलेले बेकार साठ लाखांच्या घरात गेले होते. ग्रेटे आणि हान्स एकाच घरमालकिणीच्या एकाच खोलीत राहतात. ती रात्री झोपायला, तो दिवसा. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण पसाऱ्यावरून दोघांचं भांडण चालू. बाहेर हीच दोघं योगायोगाने भेटतात, आपली गरिबी लपवतात आणि प्रेमात पडतात. हान्सचा मित्र थिएटरात प्रोजेक्टर चालवतो. तिथल्या पडद्यावर श्रीमंतांच्या प्रेमाचा गुळगुळीत चित्रपट लागलेला असतो आणि दिग्दर्शक लुडविग बेर्गर तो या दोघांच्या जगण्याशेजारी ठेवतो. क्राकाउअरच्या टीकेला उफाने आपल्याच पडद्यावर दिलेलं हे उत्तर म्हणावं असं मला वाटतं. मुखवटे उतरतात तेव्हा बक्षीस म्हणून राजपुत्र मिळत नाही. एक वेटर आणि एक मॅनिक्युअरवाली उरतात, आणि त्यांना तेवढं पुरतं.

पुढचं पाऊल राइनहोल्ड शून्त्सेलने टाकलं. ‘व्हिक्टोर उंड व्हिक्टोरिया’तली काम नसलेली गायिका सुझाने एका आजारी नटाच्या जागी उभी राहते. तो स्त्रीवेषात गाणारा, म्हणून तिला ‘स्त्री झालेला पुरुष’ व्हावं लागतं. आडोल्फ वोलब्र्युकचा रोबर्ट तिचं गुपित लवकरच ओळखतो आणि मुद्दाम गप्प राहतो. इथे फसवला गेलेला माणूसच खेळ चालवतो. चित्रपट आला डिसेंबर १९३३मध्ये. कोण अस्सल जर्मन हे तोपर्यंत नाझी सरकार ठरवू लागलं होतं. शून्त्सेलची आई ज्यू होती. तो खास परवानगीवर काम करत राहिला आणि १९३७मध्ये देश सोडून गेला. वोलब्र्युक इंग्लंडमध्ये अँटन वॉलब्रुक झाला. लीबमानचा शेवट ऑशविट्झमध्ये झाला. ‘डेर कोंग्रेस तान्झ्ट’मध्ये लोकांना हसवणाऱ्या ओटो वालबुर्गचाही तिथेच. हे चित्रपट हलकेफुलके म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ही नावं विसरू नयेत.

युद्धानंतर पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियात जुनी चाल परत आली. त्यातला सगळ्यांत लाडका ‘ड्राय मेनर इम श्ने’ (१९५५). तो एरिश केस्टनरच्या कादंबरीवरून. त्याची पुस्तकं १९३३मध्ये जाळली गेली होती, म्हणून ही कादंबरी १९३४ साली झ्युरिकहून निघाली. एक कोट्यधीश स्वतःच्याच कंपनीच्या स्पर्धेत खोट्या नावाने दुसरं बक्षीस मिळवतो आणि गरीब माणूस म्हणून आल्प्समधल्या बड्या हॉटेलात राहायला जातो. पहिलं बक्षीस मिळवलेल्या बेकार तरुणालाच हॉटेलवाले वेषांतर केलेला कोट्यधीश समजतात. त्याला ऊबदार खोली आणि सयामी मांजरं मिळतात, खऱ्या कोट्यधीशाला माळ्यावरची गारठलेली खोली आणि बर्फ झाडायचं काम. तरुणाचं लग्न शेवटी कोट्यधीशाच्या मुलीशीच जमतं, म्हणजे स्वप्न जुनंच. पण केस्टनरची नजर प्रेमिकांपेक्षा बघणाऱ्यांवर आहे. कपडे पाहून वाकणारा हॉटेलचा डायरेक्टर आणि पोर्टर हेच खरे फसलेले. कादंबरीच्या शेवटी चिडलेला कोट्यधीश या दोघांना काढून टाकण्यासाठी हॉटेलच विकत घ्यायला निघतो, तेव्हा कळतं की ते आधीपासून त्याच्याच मालकीचं आहे.

राजकन्येच्या त्या १९३१च्या चित्रपटाच्या लेखकांमध्ये आणखी एक तरुण होता, बिली वाइल्डर. १९३३मध्ये तो बर्लिनहून पळाला. रोबर्ट थोरेन या दुसऱ्या निर्वासिताने लिहायला घेतलेली, बेकार वादक बायकांच्या वेषात बँडमध्ये शिरतात अशी एक गोष्ट होती. तिच्यावर १९३५मध्ये फ्रेंच चित्रपट निघाला, १९५१मध्ये जर्मन ‘फानफारेन डेर लीबे’ निघाला आणि १९५९मध्ये वाइल्डरने तिचा ‘सम लाइक इट हॉट’ केला. आपल्याकडचा १९७५चा ‘रफू चक्कर’ त्यावरूनच आलेला.

वाइल्डरने त्यात एक जास्तीचं सोंग घातलं. सॅक्सोफोन वाजवणारा जो आधी बाई होतो आणि मग बँडमधल्या गायिकेसाठी, शुगरसाठी, तेलसम्राटाचा वारस. शुगर सांगतच असते की सॅक्सोफोनवाल्यांनी मला पुष्कळ फसवलंय, आता श्रीमंत नवराच हवा. दोन्ही सोंगं उतरतात, खाली तसलाच कफल्लक सॅक्सोफोनवाला निघतो, आणि ती तरीही धक्क्यावरून धावत येऊन त्याच्या बोटीत बसते. शेजारी जोचा साथीदार जेरी केसांचा टोप उपटून, त्याला बाई समजून लग्नाला निघालेल्या ऑसगुडला सांगतो की मी पुरुष आहे, आणि ऑसगुड हसत बोट चालवत राहतो.