वस्तरा आणि कष्टांचें मोल

जी वस्तु गरजेची असतांना माणसाला जाचते, तीच गरज संपल्यावर त्याला मोहक वाटूं लागते, असा मनुष्यस्वभावाचा एक चमत्कारिक नियम दिसतो. जातें घरोघर फिरत होतें तेव्हां बायकांनीं ओव्या गाइल्या, त्या पहांटेच्या दळणाचे श्रम विसरण्यासाठीं; त्या श्रमांचें कौतुक मात्र गिरणी आल्यानंतर सुरू झालें. उघड्या पात्याच्या वस्तऱ्याची आज अशीच स्थिति झाली आहे. कांहीं हौशी सुशिक्षितांनीं तो पुन्हां हातीं घेतला आहे, आणि इतकेंच नव्हे, तर त्याच्याभोंवतीं एक लहानसें तत्त्वज्ञानही उभें केलें आहे. वस्तरा माणसाला संयम शिकवतो, मन एकाग्र करतो, घाईला आळा घालतो. सोप्या साधनांनीं आपल्याला आळशी केलें, अवघड साधन आपल्याला पुन्हां सावध करील, असा त्या तत्त्वज्ञानाचा थोडक्यांत आशय आहे. विषय क्षुल्लक दिसतो. परंतु त्यांतला प्रश्न क्षुल्लक नाहीं. कष्टांना स्वतःचें असें कांहीं नैतिक मोल आहे काय, हा तो प्रश्न होय.

प्रथम हे कष्ट कसे आहेत तें नीट पाहूं. वस्तऱ्याची धार इतकी बारीक असते कीं, दाढीच्या राठ केसांनींच ती दर वेळीं किंचित् वांकते. म्हणून प्रत्येक वेळीं पातें चामड्याच्या पट्ट्यावर उलटसुलट फिरवून ती सरळ करावी लागते, आणि पुढें पट्ट्यानेंही भागेनासें झालें म्हणजे दगडावर घांसून नवी करावी लागते. पट्टा ढिला धरला, किंवा फिरवतांना पातें पाठीवर न उलटतां धारेवर उलटलें, तर सुधारण्यासाठीं केलेल्या क्रियेनेंच धार बोथट होते आणि पट्ट्यालाही चीर पडते. त्यानंतर दाढी. केस गरम पाण्यानें मऊ झाले पाहिजेत, फेंस दाट पण ओला राहिला पाहिजे, एका हातानें कातडी ताणली पाहिजे, आणि दुसऱ्या हातांतलें पातें गालाशीं सुमारें तीस अंशांचा कोन राखून, जवळजवळ भार न देतां चाललें पाहिजे. कोन वाढला कीं कातडी कापते; फार कमी झाला कीं केस ओढले जातात. एका गालावर साधलेला हात दुसऱ्या गालावर परका होतो, कारण तेथें एक तर हात बदलावा लागतो, नाहीं तर तो तोंडावरून आडवा न्यावा लागतो व आरशांतला चेहराच झांकला जातो. हनुवटीचा वळसा, नाकाखालची अरुंद जागा, गळ्यावरचे निरनिराळ्या दिशांनीं वाढणारे केस, यांपैकीं प्रत्येक ठिकाण नवा धडा मागतें. सारें आटोपल्यावर पातें पुसून अगदीं कोरडें केलें नाहीं, तर कोंकणच्या पावसाळ्यांत त्यावर गंज चढण्यास वेळ लागत नाहीं.

परंतु या सर्वांहून अधिक त्रासाची गोष्ट निराळीच आहे. गाल आग करूं लागला, तर दोष दगडाचा, पट्ट्याचा, फेंसाचा कीं हाताचा, हें कळत नाहीं. चार कारणांचा परिणाम एकच; आणि नवशिक्याला चारांपैकीं एकही नीट येत नसल्यामुळें तो एक सुधारतांना दुसरें बिघडवतो. ज्या चुकीचें कारण समजतें ती माणसाला शिकवते. ज्या चुकीचें कारण समजत नाहीं ती केवळ खचवते. वस्तऱ्याच्या शाळेंत दुसऱ्या प्रकारच्या चुकाच पुष्कळ दिवस घडत राहतात.

शिवाय हा प्रकार नेहमीं ओरखड्यावरच थांबत असे असें नाहीं. अमेरिकन ग्रंथकार हेन्री डेव्हिड थोरो याचा वडील भाऊ जॉन यानें १८४२ च्या पहिल्याच दिवशीं वस्तरा पट्ट्यावर लावतांना बोट कापून घेतलें. जखम लहानशी होती. परंतु तिच्यांतून धनुर्वात झाला, आणि त्याच महिन्यांत तो ऐन तारुण्यांत वारला. पुढें १८४५ ते १८४७ पर्यंत हेन्री वॉल्डन तळ्याच्या कांठीं स्वतः बांधलेल्या खोपटांत राहिला व साध्या, कष्टाच्या जीवनाचा जगप्रसिद्ध पुरस्कर्ता झाला. भावाबरोबर केलेल्या नदीप्रवासावरचें पुस्तकही त्यानें तेथेंच लिहावयास घेतलें. एकाच घरांत येथें दोन प्रकारचे कष्ट भेटतात. हेन्रीचे कष्ट त्यानें विचारपूर्वक निवडलेले होते, आणि दोन वर्षांनीं त्यांचें काम झालें असें वाटतांच त्यानें ते सोडलेही. जॉनच्या हातांतला वस्तरा मात्र तत्त्वज्ञानासाठीं नव्हता. सकाळीं दाढी करावयाची तर त्या काळीं दुसरें साधन नव्हतें, एवढेंच.

असें साधन सौम्य करण्यासाठीं माणूस सव्वाशेंहून अधिक वर्षें खपला, यांत नवल नाहीं. १७६९ सालीं पॅरिसमधील सुऱ्या-कात्र्यांचा कारागीर ज्यां-जाक पेरे यानें स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर एक सबंध ग्रंथ लिहिला. थोडीशीच धार बाहेर राहील असें लाकडी आवरणही त्यानें पात्यासाठीं योजलें होतें. १८८० सालीं न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनीं रक्षक बसवलेल्या वस्तऱ्याचें पेटंट घेतलें; पण त्याचेंही पातें काढून पट्ट्यावर लावावें लागे. शेवटीं १९०४ सालीं किंग कँप जिलेट याला पेटंट मिळालें तें पातळ पोलादाच्या, बोथट झालें कीं टाकून द्यावयाच्या पात्याचें. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षीं त्याचे अवघे ५१ रेझर व १६८ पातीं खपलीं; दुसऱ्या वर्षीं रेझरांचा आंकडा नव्वद हजारांवर गेला. ज्यांना रोज दाढी करावी लागत होती, त्यांनीं त्या अवघड साधनाविषयींचें आपलें मत असें रोख पैसे मोजून दिलें.

वस्तऱ्याच्या कैवाऱ्यांचा पक्षही प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. धार गळ्यावर असतां मन दुसरीकडे जात नाहीं, हें खरें आहे. एक चांगला वस्तरा माणसाला जन्मभर पुरतो व मुलाच्या हातींही देतां येतो, हेंही खरें आहे. उलट, प्लॅस्टिकच्या दांड्याचे रेझर वापरून फेंकून देण्याच्या पद्धतीनें कचऱ्याचे ढीग वाढले, आणि त्या कचऱ्यांत हात घालणाऱ्यांच्या बोटांना तीं पातीं लागतात. हा आक्षेप वजनदार आहे. त्याकडे पुन्हां वळावें लागेल.

संयमाचा मुद्दा मात्र टिकत नाहीं. धारेच्या भयानें आलेली सावधगिरी धार बाजूला ठेवतांच निघून जाते. तिला गुण म्हणावयाचें तर कांठावरून चालणारा प्रत्येक मनुष्य साधु ठरेल. अठराव्या शतकांत युरोपांतल्या सभ्य गृहस्थाचा गुळगुळीत गाल याच वस्तऱ्याखालून जात होता, आणि त्याच शतकांत गुलामांचा व्यापार भरभराटीस आला होता. सकाळच्या त्या एकाग्रतेचा छाटाही दुपारच्या हिशेबाच्या वहीवर पडला नाहीं.

आणखी एक गोष्ट आपण सोईस्करपणें विसरतों. वस्तऱ्याचे कष्ट पुष्कळांनीं स्वतः सोसलेच नाहींत. ते दुसऱ्यावर सोंपवले. आपल्याकडे धोकटी घेऊन दारोदार जाणारा न्हावी हा बलुतेदारांपैकीं एक. दगड त्याचा, पट्टा त्याचा, तीस अंशांचा कोन त्याच्या मनगटांत; गांवानें त्याला बलुतें दिलें, मान दिला नाहीं. साधन अवघड असलें म्हणजे तें जाणणारा एक वर्ग निराळा होतो, आणि इतरांना त्याच्या दाराशीं जावें लागतें. तें दार रूढीनें अस्पृश्यांना बंद ठेवलें होतें. १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत गेल्यानंतर गांधीजींना प्रिटोरियांतील एका गोऱ्या न्हाव्यानें तुच्छतेनें परत पाठवलें. त्यांनीं केस कापण्याचें यंत्र विकत घेतलें व आरशापुढें उभें राहून स्वतःच केस कापले. मागची बाजू बिघडली आणि कोर्टांतले मित्र हंसले. तरी आत्मचरित्रांत त्यांनीं त्या न्हाव्याला दोष दिला नाहीं, कारण आपले न्हावीही अस्पृश्यांची हजामत करीत नाहींत, हें त्यांना ठाऊक होतें. ज्याला दाराबाहेर उभें केलें जातें, त्याला सोपें साधन म्हणजे आळस नव्हे. तें स्वातंत्र्य होय.

त्याच वस्तऱ्याचा दुसरा एक नकारही आपल्या इतिहासांत आहे. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिक मंडळी एकत्र जमली आणि विधवांचें केशवपन यापुढें करावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरवलें. त्यांतील कित्येकांचें पोट त्या धंद्यावर होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या निश्चयाची किंमत कळते. एक नकार माणसाचा अपमान करणारा, दुसरा माणसाचा मान राखणारा. वस्तरा तोच, हस्तकौशल्य तेंच, धार सांभाळण्याची सवयही तीच. नकार कोणाला द्यावा हें त्या हातांना धारेनें शिकवलें नाहीं. तें दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहिल्यानें कळलें. आणि ज्या विधवेला त्या पात्याखालीं मान न हालवतां बसावें लागे, तिच्याइतकी स्थिर व शांत तर कोणीच बसलें नसेल. तो संयम म्हणून वाखाणण्याचें धैर्य आज कोणाला होईल?

तेव्हां कष्टांना स्वतःचें मोल नाहीं, असेंच म्हणावें लागतें. ते कोणीं निवडले, नकोसे झाल्यास सोडतां येतात काय, आणि त्यांचा भार अखेर कोणाच्या हातांवर पडतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्यांचें मोल असतें. हेच प्रश्न सोप्या साधनालाही लागू आहेत. वापरलेलें पातें कागदांत न गुंडाळतां कचऱ्यांत टाकणारा माणूस आपला त्रास नाहींसा करीत नाहीं. तो दुसऱ्याच्या बोटांवर ढकलतो. जुन्या काळीं तो त्रास धोकटीवाल्यावर होता, आज तो कचरा वेंचणाऱ्यावर आहे.

हौशी गृहस्थानें वस्तरा खुशाल वापरावा. आनंद हें त्याला पुरेसें कारण आहे. कोणी सतार शिकतो, कोणी मल्लखांब करतो, तसा हा एक छंद. मात्र त्यानें छंदाला व्रताचें वस्त्र नेसवूं नये, आणि स्वस्त रेझरनें तीन मिनिटांत दाढी उरकून सहाची लोकल गांठणाऱ्या कामगाराला आळशी समजूं नये. त्याच्या दिवसांत न निवडलेले कष्ट आधींच पुष्कळ असतात; त्यांतला एक कमी झाला, तर त्यांत त्याचें कांहीं नैतिक नुकसान झालें नाहीं.