आगरी बोलणाऱ्या नातीस

जिते, ता. पेण



पनवेलच्या तुझ्या शाळेत पालकसभेला आईने यावं, पण तिथे आगरी बोलू नये, असं तू तिला बजावलंस म्हणे. ती हसण्यावारी नेते. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे मला ते हसण्यावारी नेता येत नाही.

दोन भाषांत वाढलेलं मूल गोंधळतं, असं एके काळी मानसशास्त्रज्ञही म्हणत. गरीब घरातल्या दुभाषी मुलांची तुलना सुखवस्तू घरातल्या एकभाषी मुलांशी करायची आणि खापर भाषेवर फोडायचं, असा तो मामला होता. 1962 मध्ये माँट्रियलला पील आणि लॅम्बर्ट यांनी सारख्या परिस्थितीतली दहा वर्षांची मुलं निवडून तपासली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुलं कशात मागे नव्हतीच, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढे होती.

शिकागोतला 2015 चा एक प्रयोग मला जास्त आवडतो. चार ते सहा वर्षांच्या मुलांपुढे लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मोटारी ठेवल्या. समोरच्या बाईंना सगळ्यात लहान मोटार दिसणार नाही, अशी मांडणी होती. त्या म्हणाल्या, "लहान मोटार दे." त्यांना दिसणाऱ्या दोनांपैकी लहान कोणती, हे ओळखून मधली मोटार उचलायची. एकच भाषा ऐकत वाढलेली मुलं जवळपास निम्म्या वेळा चुकली. दुभाषी मुलं बरीच कमी चुकली. दुसरी भाषा स्वतःला बोलता येत नाही, पण रोज कानावर पडते, अशी मुलंही दुभाषी मुलांच्या बरोबरीने उतरली. कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे ताडता ताडता दुसऱ्याच्या जागी उभं राहायची सवय लागत असावी.

आपल्याकडे त्यासाठी प्रयोगशाळा नको. हमरापूर-जोह्याच्या कोणत्याही गणपती कारखान्यात जा. आखणी करणारं पोरगं आईशी आगरीत बोलतं, मुंबईच्या गिऱ्हाइकाशी पुस्तकी मराठीत आणि फोनवरच्या व्यापाऱ्याशी हिंदीत. समोरच्याचा चेहरा बघून बोली बदलते, हात मात्र थांबत नाही.

पण दोन भाषा आल्या म्हणजे मूल आपोआप समजूतदार होतं, असं मी म्हणणार नाही. दोनपैकी एकीची लाज वाटायला लागली की सगळं बिनसतं. भीती, रुसवा, पोटात दुखणं हे सगळं मूल आधी घरच्या बोलीत सांगायला शिकतं. तीच दाराबाहेर ठेवली तर शाळेत त्याने हे सांगायचं कशात? माझ्या शाळेत कातकरी वाडीतली पोरं वर्गात मुकी बसायची आणि शेरा पडायचा 'मंद'. मधल्या सुट्टीत चिंचेखाली तीच पोरं भांडायची, नकला करायची, धाकट्यांना समजवायची. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली की त्यातली कित्येक वर्गात परतायचीच नाहीत. गरिबी हे मोठं कारण, पण आपलं बोलणं जिथे कोणाला कळत नाही तिथे परत यायची ओढ तरी कशी वाटावी?

आपल्याच तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली जन्मलेल्या विनोबांना कितीतरी भाषा येत. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता समजत नसे. मराठीत तूच लिही, असं तिने मुलाला सांगितलं होतं. आई 1918 मध्ये गेली, तरी 1930-31 मध्ये त्यांनी 'गीताई' रचली. एवढा शिकलेला माणूस, पण आईला कळत नाही म्हणून तिला गप्प बसवावं, असं त्याच्या मनात आलं नाही.

इंग्रजी मन लावून शीक, त्यात कुचराई नको. गणपतीच्या सुट्टीत आलीस की माझ्याबरोबर वाडीवर चल. तिथल्या पोरांना गोष्टी वाचून दाखवायला कोणीतरी हवंच आहे. मात्र त्यांना मराठी शिकवायला बसण्याआधी त्यांच्याकडून थोडी कातकरी शिकून घे. ती तुला हसतील, हसू दे.

तुझा
आजा