पुढाऱ्याचें पूर्वचरित्र

निवडणुकीचा हंगाम आला कीं उमेदवारांचीं प्रतिज्ञापत्रें लोकांच्या माहितीसाठीं निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील फलकावर लावण्यांत येतात. 2024 च्या नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक झाली, त्या वेळीं आम्हीही तीं वाचावयास गेलों होतों. अर्धा तास उभे होतों; तेवढ्या अवकाशांत दुसरे एकच गृहस्थ आले, आणि अमक्या उमेदवाराच्या पत्नीच्या नांवें किती तोळे सोनें आहे एवढें पाहून ते चालते झाले. जो कागद मिळविण्यासाठीं या देशांत न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले, त्याचा हा उपयोग!

या कागदाचा इतिहास फार जुना नाहीं. उमेदवारावर कोणते फौजदारी खटले आहेत, त्याची मालमत्ता व देणें किती, त्याचें शिक्षण काय, हें जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2002 सालीं दिला. संसदेनें लगेच कायद्यांत दुरुस्ती करून त्या निर्णयाची धार बोथट करण्याचा यत्न केला, आणि एरव्हीं एकमेकांचें तोंड न पाहणाऱ्या पक्षांत या एका बाबतींत जें ऐक्य दिसून आलें तें देशावरील संकटाच्या प्रसंगींही क्वचित् दिसतें. 13 मार्च 2003 रोजीं न्यायालयानें त्या दुरुस्तीचें मुख्य कलमच रद्द ठरविलें, तेव्हां कोठें हा कागद फलकावर आला.

या व्यवस्थेंत एक गोष्ट प्रथमदर्शनीं विपरीत वाटते. दोन वर्षांची वा अधिक शिक्षा झाली तर मनुष्य अपात्र ठरतो, हें खरें. पण नुसता खटला चालू आहे म्हणून, मग तो खुनाचा कां असेना, कोणाची उमेदवारी जात नाहीं. तो खटला दडविला तर मात्र लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याचें 125अ हें कलम लागू होऊन सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. म्हणजे आरोप असणें चालतें, लपविणें चालत नाहीं. आमचे कांहीं स्नेही यास कायद्याची थट्टा म्हणतात. आम्हांला त्यांत शहाणपण दिसतें, आणि तें कां, हें सांगण्यासाठीं थोडें दूर जावें लागेल.

1989 नंतर पूर्व युरोपांतील साम्यवादी राजवटी एकामागून एक कोसळल्या, तेव्हां तेथील समाजांपुढें हाच प्रश्न फार उग्र रूपानें उभा राहिला. काल गुप्त पोलिसांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बातम्या पुरविणारा मनुष्य आज लोकशाहीचा पुढारी म्हणून मतें मागतो. त्याचें काय करावें? चेकोस्लोव्हाकियानें 1991 च्या कायद्यानें अशांना वरिष्ठ अधिकारपदें सरसकट बंद केलीं. पोलंडनें 1997 सालीं निराळी वाट धरली. उच्च पदाची इच्छा करणाऱ्यानें, आपण जुन्या राजवटीच्या गुप्त पोलिसांशीं सहकार्य केलें होतें कीं नव्हतें, एवढें लिहून द्यावयाचें. 'केलें होतें' असें लिहिल्यास शिक्षा नाहीं. पुढचा विचार लोकांनीं करावा. 'केलें नव्हतें' असें लिहून तें खोटें ठरल्यास मात्र दहा वर्षें सार्वजनिक पदांना मुकावयाचें. पोलंडच्या या कागदाची आणि आपल्या फलकावरील कागदाची जात एकच. दोन्ही कागद पापाचा निवाडा करीत नाहींत. निवाडा करण्याचा ज्यांना अधिकार, त्यांना अंधारांत ठेवूं नये, एवढेंच ते सांगतात.

हल्लीं पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याच्या बचावासाठीं वाल्या कोळ्याला हटकून साक्षीस बोलावण्यांत येतें. वाल्याचा वाल्मीकि होऊं नये काय, असा सवाल असतो. अवश्य व्हावा. पण वाल्मीकि एके काळीं वाल्या होता, हें तुम्हांआम्हांला ठाऊक आहे तें कशामुळें? त्या कथेंत भूतकाळ पुसून टाकलेला नाहीं. खड्यांनीं भरलेले ते सात रांजण कीर्तनकार आजही श्रोत्यांपुढें मोजून दाखवितो, आणि ते मोजून झाल्यावरही ऋषीचें ऋषित्व उणें होत नाहीं. ज्याला रांजण फोडून, खापऱ्या पुरून, वर ऋषीचा मान हवा आहे, त्यानें दुसरा कोणी साक्षीदार शोधावा.

येथपर्यंत आमचा युक्तिवाद आमच्यापुरता बिनतोड होता. कर्णाची आठवण झाली आणि तो डळमळला. कर्णानें परशुरामापाशीं आपलें कुल लपविलें व त्याबद्दल शाप भोगला. पण खरें सांगितलें असतें तर त्याला विद्या मिळाली असती काय? जेथें खरें बोलणाऱ्याला दारांतच अडविण्यांत येतें, तेथें असत्याचा निम्मा दोष द्वारपालाच्या पदरीं जातो. शाहू छत्रपतींच्या या नगरींत तरी हें विसरून चालणार नाहीं. 1902 सालीं मागासलेल्या वर्गांसाठीं नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम त्यांनीं काढला, त्याचा एक अर्थ असाही करतां येईल कीं आपलें कुल उघड सांगून आंत येण्याची सोय त्या हुकमानें झाली.

म्हणून पुढाऱ्याचें सगळें पूर्वायुष्य लोकांच्या मालकीचें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची जात, त्याचा मोडलेला संसार, तरुणपणींचें दारिद्र्य वा दुखणें, यांत डोकावणें ही निव्वळ कुतूहलाची खाज. (ती आपल्या वर्तमानपत्रांना आणि आपणांलाही पुष्कळ आहे.) परंतु त्यानें ज्यांचें लुबाडलें, ज्यांना मारलें किंवा ज्यांच्याविरुद्ध चुगली केली, तीं माणसें त्याच्या भूतकाळांत भागीदार असतात. तो भूतकाळ त्याच्या एकट्याचा नव्हेच, मग तो झांकून ठेवण्याचा अधिकार त्याला एकट्याला कोठून येणार?

अडचण पुढें आहे. फलकावरील कागदाला फक्त तोच भूतकाळ कळतो, जो पोलिसांनीं लिहून ठेवला. 13 डिसेंबर 1942 च्या रात्रीं गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्यांपैकीं सात जण गोळीबारांत पडले. संस्थानी सरकारच्या लेखीं तो गुन्हाच होता. आज तेथें त्यांचें स्मारक आहे. अलीकडे कोल्हापुरांत टोलविरोधी आंदोलन झालें, त्यांत प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखीं माणसें अग्रभागीं होतीं, व आंदोलकांवर गुन्हेही दाखल झाले. अशा आंदोलकाचा खटला आणि खंडणी उकळणाऱ्याचा खटला प्रतिज्ञापत्राच्या तक्त्यांत एकाखालीं एक बसतात. उलट, ज्याच्याविरुद्ध फिर्याद देण्याची कोणाची छाती झाली नाहीं, त्याचा रकाना स्वच्छ, कोराच.

शिवाय लिहिलेल्यावर तरी किती विसंबावें? पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचें दप्तर 1992 च्या जानेवारींत लोकांना खुलें झालें. पुढच्याच वर्षीं, क्रिस्टा वोल्फ या थोर लेखिकेनें 1959 ते 1962 या काळांत त्याच पोलिसांना माहिती पुरविल्याचें बाहेर आलें. तिच्यावर स्वतःवर त्यानंतर कित्येक वर्षें पाळत होती, हेंही त्याच दप्तरांत होतें. आपण तें प्रकरण विसरूनच गेलों होतों, असें तिनें सांगितलें. पुष्कळांना ती सबब वाटली. आम्हांला तें अगदीं संभवनीय वाटतें, आणि म्हणूनच अधिक भीतिदायक. विसरण्याची ही शक्ति व्यक्तींना असते तशी गांवांनाही असते.

30 जानेवारी 1948 रोजीं गांधीजींची हत्या झाली, आणि पुढच्या दिवसांत कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ब्राह्मणांचीं घरेंदारें जाळण्यांत आलीं. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्या आगींत सांपडला. एवढें सर्वांना ठाऊक आहे. जळलें काय, तें सांगतांना आमचें गांव तपशीलवार सांगतें. जाळणाऱ्यांचा विषय निघाला कीं 'जमाव' हा एकच शब्द वापरतें. जमाव रात्रीं घरीं गेला असेल, सकाळीं कामाधंद्याला लागला असेल. पुढें त्यांतील कोणी सोसायटींत, पंचायतींत, कारखान्यांत निवडूनही आले असतील.

दोन वर्षांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्याच्या पणजोबांची जन्मशताब्दी जवळ आली होती. तालुक्यांत त्यांचें नांव मोठें, शाळा काढल्या, पाणी आणलें. त्यांच्या गौरवग्रंथाचें संपादन याच्याकडे होतें. घरांतील एका वृद्ध बाईनें त्याला सांगितलें होतें कीं त्या आठवड्यांत पणजोबा दोन रात्रीं बाहेर होते, आणि परतल्यावर त्यांच्या धोतराला रॉकेलचा वास होता. हें लिहावें काय, असें त्यानें विचारलें. आम्हीं त्याला पोलंडचा कायदा सांगितला, वाल्याची कथा सांगितली, आणि लिहावें असें म्हणालों. त्यानें शांतपणें विचारलें, "सर, तुमचे आजोबा असते तर तुम्हीं लिहिलें असतें?" आम्हीं चहा मागविला.

ग्रंथ गेल्या वर्षीं प्रसिद्ध झाला. छपाई उत्तम आहे. 1947 च्या ध्वजवंदनाच्या वर्णनानें त्यांतील एक प्रकरण संपतें, आणि पुढचें 1952 च्या निवडणुकीपासून सुरू होतें. प्रस्तावना आमची आहे.