उसना हिवाळा

हॉप्सचा कडूपणा पेयांना नासू देत नाही, हे १२ व्या शतकात जर्मन मठवासिनी संत हिल्डेगार्ड यांनी नोंदविले. त्या थंड मुलखातील वेलीचे बी उष्ण प्रदेशात रुजवायचे, तर ओलसर वाळूत घालून काही आठवडे शीतकपाटात ठेवावे लागते. ही बियाची फसवणूक की शुश्रूषा? आम्ही शुश्रूषाच म्हणू. हिवाळ्याची गरज बियाचीच असते. शिवाय आपला मोठ्यात मोठा दिवस सुमारे १३ तासांचा, त्यामुळे वेल खुरटी असतानाच फुलू लागते. तेव्हा कुठे नर-मादी कळते. बियरला उपयोग मादी-फुलांचाच. मग हौसेने वाढविलेली वेल नर निघाली म्हणून उपटावी काय? आम्हांस ते पटत नाही. शेतकऱ्याची गोष्ट निराळी; नराच्या परागाने फुलांत बी धरते, मालाची प्रत उतरते, आणि त्याचे पोट त्या मालावर असते.