साधनाचा निरोप

अकोटहून उत्तरेस पोपटखेडच्या रस्त्याने निघाले म्हणजे कपाशीची शेते आणि संत्र्यांच्या बागा संपता संपता सातपुड्याची निळी भिंत समोर उभी राहते, आणि शहानूरला नाव-गाव नोंदवून नरनाळा गडाचा घाट चढू लागले की गावाची, घराची आणि मोबाइलच्या रेंजची हद्द जवळजवळ एकाच वळणावर मागे पडते. गेल्या मार्गशीर्षात हा घाट मी माझ्या भाच्याबरोबर चढलो, तेव्हा आमच्यापाशी स्थान सांगणारी दोन साधने होती. माझ्या हातात पुष्कळ वर्षांपूर्वी घेतलेले, तळव्यात मावणारे, दोन पेन्सिल सेलांवर चालणारे जीपीएस यंत्र होते. त्याच्या खिशात स्मार्टफोन होता. शोधावयाची वस्तू मात्र एकच होती. शक्कर तलावापासून काही अंतरावर गवतात पडलेला, कडेला अर्धवट कमळ कोरलेला एक घडीव दगड मी पूर्वी पाहिला होता, आणि त्याचे अक्षांश-रेखांश माझ्या वहीत टिपून ठेवले होते.

असल्या शोधाला जिओकॅशिंग म्हणतात, आणि त्या खेळाचा जन्म एका सरकारी हुकुमातून झाला. अमेरिकेच्या उपग्रहांचे संदेश सामान्य जनांना पूर्वीही मिळत असत. परंतु त्यांत बुद्धिपुरस्सर मिसळलेल्या अशुद्धीमुळे सुमारे १०० मीटरांची चूक राहत असे. मे २००० च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही अशुद्धी काढून टाकण्यात आली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरून तिचा ठिकाणा अंश-कलांत जाहीर केला. बादलीत वही, पेन्सिल, काही पुस्तके, एक गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा अशी किरकोळ चीजवस्तू होती. सापडेल त्याने काही घ्यावे, काही ठेवावे, आणि वहीत आपली नोंद करावी, एवढाच दंडक. त्या काळी हा शोध हातातल्या स्वतंत्र यंत्रानेच करावा लागे. आज ते यंत्र कपाटात पडले आहे आणि त्याचे काम फोन करतो. हा केवळ सोयीचा प्रश्न आहे असे पुष्कळांस वाटते. मला तो साध्य आणि साधन यांच्या संबंधाचा, म्हणजे आपल्या धर्मविचारातील फार जुना प्रश्न वाटतो: साधन पालटले असता साध्य तेच राहते काय?

या प्रश्नाचा विचार करताना वऱ्हाडच्या मनुष्यास प्रथम रिद्धपूर आठवावे हे स्वाभाविक आहे. अमरावती जिल्ह्यातील या गावी गोविंदप्रभूंचे वास्तव्य होते, चक्रधरस्वामींच्या लीळा तेथेच म्हाइंभटांनी संकलित केल्या, आणि त्या लीळा ज्या ज्या स्थळी घडल्या त्यांचा तपशील महानुभावांनी स्थानपोथी नावाच्या ग्रंथात नोंदवून ठेवला. वि. भि. कोलते यांच्यासारख्या वैदर्भीय पंडिताने तिचे संपादन केले, आणि ती वाचताना मला सदैव विस्मय वाटतो तो तिच्या काटेकोरपणाचा. गाव कोणते, देऊळ गावाच्या कोणत्या बाजूस, त्याचे दार कोणत्या दिशेस, आणि स्वामी बसले, जेवले, निजले ती जागा नेमकी कोठे, हे सारे ती पोथी एखाद्या मोजणीदाराच्या निष्ठेने सांगते. तिच्यात भक्तीचे उमाळे नाहीत. दिशा आहेत, चतुःसीमा आहेत. ज्या रीतीने आपल्या खरेदीखतात शेताची ओळख पूर्वेस कोणाचे शिवार आणि पश्चिमेस कोणता नाला या शेजाऱ्यांच्या दाखल्याने पटविली जाते, त्याच रीतीने ती पोथी परमेश्वराच्या पाऊलखुणेची ओळख शेजाऱ्यांकरवी पटविते. यात्रेकरूला ती आवारापर्यंत आणून सोडते, आणि तेथे ओट्यावर मस्तक ठेवताना मात्र पोथी मिटलेली असावी लागते.

ही मिटण्याची क्रिया मला महत्त्वाची वाटते. तिच्याकडे वळण्यापूर्वी साधनाच्या अचूकपणाविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण ती याच सातपुड्याच्या पायथ्याशी घडली. हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी दक्षिणेकडून वर आणीत आणीत कर्नल विल्यम लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटास मरण पावला. त्याची समाधी तेथेच आहे. पुढील काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले, आणि त्याने एलिचपुराजवळील टाकळखेडा येथे ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश निश्चित केला. तो सुमारे २१ अंश ६ कला आहे. अकोटही जवळजवळ त्याच अक्षांशावर वसले आहे. टाकळखेड्यास एक शंका उपस्थित झाली. ज्या ओळंब्याच्या आधारे आकाशातील उंची मोजावयाची, तो ओळंबाच उत्तरेच्या डोंगरवटाने आपल्याकडे ओढला तर? १८३० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एव्हरेस्टने या आकर्षणाचा हिशेब मांडला आहे. ज्याला आपण निखळ सरळपणाचे प्रतीक मानतो तो ओळंबासुद्धा सातपुड्याच्या शेजारी किंचित सातपुड्याकडे झुकतो, हे कळल्यावर कोणतेही साधन निरपेक्ष आहे असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. साधन ज्याच्या सन्निध राहते त्याच्याकडे कलते, आणि साधकही कलतो.

आता आजचे साधन. उपग्रह आपल्याला वाट दाखवितो अशी जी समजूत आहे ती खरी नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो केवळ दोन गोष्टी उच्चारीत असतो: मी येथे आहे, आणि आता माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. खाली कोण ऐकतो आहे याची त्याला वार्ताही नसते. निदान चार उपग्रहांचे असे उच्चार ऐकून, प्रत्येक उच्चार येण्यास किती विलंब लागला यावरून, हातातले यंत्र स्वतःचे स्थान स्वतःच काढते. आणि हे ऐकण्यास मोबाइलची रेंज लागत नाही, म्हणून घाटात रेंज गेली तरी जीपीएस जात नाही. काल जाणला म्हणजे स्थान कळते. वैशेषिकांनी नऊ द्रव्ये सांगताना दिक् आणि काल यांना वेगवेगळे मानले. येथे कालातूनच दिशेचे ज्ञान निष्पन्न होते, आणि एका अब्जांश सेकंदाची चूक झाली तर जमिनीवर सुमारे ३० सेंटिमीटरांचा फरक पडतो. कणादाच्या अनुयायांनी या यंत्रावर काय भाष्य केले असते, याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे.

परंतु यंत्राने काढलेले हे स्थान कोणाचे? दगडाचे नव्हे, माझे. दगडाविषयी यंत्राला काहीच ठाऊक नाही. वेदान्तात दहा प्रवाशांची एक कथा आहे, जी शंकराचार्यांच्या उपदेशसाहस्रीतही येते आणि विद्यारण्यांच्या पंचदशीतही येते. नदी ओलांडून आलेले दहा जण एकमेकांस मोजतात, मोजणारा स्वतःस वगळतो, नऊच भरतात, आणि दहावा बुडाला म्हणून सारे रडत बसतात. तेव्हा वाटेने जाणारा एक जण सांगतो की दहावा तूच आहेस. उपग्रहाचे यंत्र त्या वाटसरूचे काम करते. ते शोधणाऱ्याला फक्त त्याचे स्वतःचे ठिकाण सांगते. उरलेले अंतर त्यानेच तोडावयाचे असते.

येथे फोनच्या बाजूने जे बोलले पाहिजे ते मी मनःपूर्वक बोलतो. अकोट हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या एका वन्यजीव विभागाचे ठाणे आहे. २०१० साली देशातील व्याघ्र प्रकल्पांत एम-स्ट्राइप्स नावाची गस्तीची पद्धत सुरू झाली, तेव्हा वनरक्षक हातातले जीपीएस यंत्र वापरीत. पुढे तेच काम मोबाइलवर आले, आणि आज पायी गस्तीची वाट, पाऊलखूण, विष्ठा, पाणवठा यांची नोंद ते आपल्या फोनवरच करतात. यात ज्ञानाची हानी झाली असे कोण म्हणेल? शिवाय एक नैतिक बाजू आहे. स्वतंत्र यंत्रासाठी हजारो रुपये मोजणे ज्यास शक्य होते त्यालाच पूर्वी हा शोध शक्य होता. आता ज्या विद्यार्थ्यापाशी साधा फोन आहे त्यालाही तो शक्य झाला आहे. महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी संस्कृतात प्रश्न विचारू नका, असे केल्याने साध्यासुध्या म्हाताऱ्यांचे नुकसान होईल, अशा अर्थाचा जो आग्रह धरला, त्याचा अभिमान बाळगणाऱ्या आम्ही महागड्या यंत्राचे सोवळे मिरवावे हे शोभत नाही. स्मार्टफोन ही या शोधाची प्राकृत भाषा आहे.

तरीही माझे समाधान होत नाही, आणि ते का होत नाही हे त्या दिवशी गडावर मला स्पष्ट दिसले. महाकाली दरवाजा, जो इ.स. १४८७ च्या सुमारास फतहुल्ला इमादुल्मुल्काने उभारला आणि ज्याच्यावरील कमळे आजही पाहणाऱ्याची पावले थांबवितात, ओलांडून आम्ही तलावाकडे आलो. वहीतले आकडे जुळले. माझे यंत्र म्हणे दगड डावीकडे, भाच्याचा फोन म्हणे उजवीकडे. दोहोंत सात-आठ पावलांचे अंतर. मोकळ्या आकाशाखालीही फोनला सुमारे ५ मीटरांची चूक राहते, आणि झाडी व कडे यांच्या आडोशाने ती वाढते. माझे यंत्रही त्याहून फारसे शहाणे नव्हते. "मामाजी, इथंच तं दाखवून रायलं, पन दगड कुठी दिसत नाई," असे म्हणून भाचा पुन्हा पुन्हा पडद्यावरील निळ्या ठिपक्याकडे पाहत होता. गुडघाभर गवतात तो उभा होता आणि त्याची दृष्टी मात्र गवतावर नव्हती.

आपल्याकडे शाखाचंद्रन्याय सांगतात. प्रतिपदेनंतरची बारीक कोर दिसत नसेल तर आधी फांदी दाखवावी, आणि त्या फांदीच्या टोकाशी चंद्र पाहा म्हणावे. फांदी चंद्राजवळ नसते. तरी ती उपयोगी पडते, आणि ज्या क्षणी चंद्र दिसतो त्या क्षणी ती सुटते. जुने यंत्र ही अशी फांदी होती. आकडे जुळल्यावर त्याच्यापाशी दाखविण्यासारखे काही उरत नसे. त्याच्या करड्या पडद्यावर ना चित्र, ना संदेश, ना गाणे. ते आपोआप पिशवीत जाई आणि डोळे आपोआप जमिनीकडे वळत. फोन ही अशी फांदी आहे की जिला चंद्राहून अधिक पाने, फुले आणि पाखरे आहेत. जो निरोप यंत्र स्वभावतःच देत असे, तो निरोप आता साधकाला स्वतः घ्यावा लागतो. बाहेरची मर्यादा गेली. तिच्या जागी आतला नियम आणावा लागेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो अकोटच्याच मातीतला आहे. या गावी नरसिंग महाराजांचे समाधिमंदिर आहे. त्यांच्या भेटीस शेगावचे गजानन महाराज आले होते. दासगणूंनी ती भेट वर्णिली आहे: एक संसारात राहिलेला, दुसरा अवधूत, आणि दोघांचे संभाषण असे की कर्म, भक्ती आणि योग हे मार्ग बाहेरून भिन्न, पण फळ एक. मग यंत्र काय आणि फोन काय? मी त्या संभाषणापुढे नम्र आहे. परंतु त्या तिन्ही मार्गांचा असा दंडक आहे की पोहोचल्यावर मार्गाचा अहंकार उरता कामा नये; जो मार्ग शेवटच्या पावलावर हात सोडीत नाही त्याला त्या दोन सत्पुरुषांनी मार्ग म्हटले असते असे मला वाटत नाही.

भाच्याला मी हे काही सांगितले नाही. फक्त माझे यंत्र बंद करून झोळीत टाकले आणि गवत हातांनी बाजूस सारू लागलो. थोड्या वेळाने त्यानेही फोन खिशात घातला. दोन्ही साधनांनी दाखविलेल्या जागांपासून निराळ्या जागी, एका खडकाच्या पोटाशी, त्यालाच तो दगड सापडला, आणि कमळाच्या अपुऱ्या पाकळीत साचलेली माती त्याने बोटाने काढली.

नरनाळ्यावर जाणाऱ्या वाचकांस माझी विनंती आहे. तो व्याघ्र प्रकल्पाचा प्रदेश आहे. तेथे डबा पुरू नका, काही ठेवू नका, काही उचलू नका, आणि दिवस मावळण्यापूर्वी खाली उतरा. फोन अवश्य न्या. शेवटची दहा पावले मात्र तो खिशात ठेवून चाला. दगड अजून तेथेच आहे.